नेमणूकपत्र मागायला लाजू नका

(युवक-युवतींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

आज इथे बसलेल्यांपैकी नर्सिंगला किती जण आहेत, असं मघाशी विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर आले. त्यानंतर फार्मसी, लॅब टेक्निशियन, एक्स-रे, फिजिओथेरपी. दोघं-तिघं बीएचएमएस आणि बीयूएमएसचे. वीस वर्षांपूर्वी मी जीएनएमला प्रवेश घेतला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातून या क्षेत्रात जाणारी मी दुसरी मुलगी होते. मिरजेसारख्या गावात, जिथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तिथेही. अब्बू तंतुवाद्यांच्या दुकानात कामाला होते. त्यांनी होकार दिला, पण शेजारच्या चाचींनी अम्मीला विचारलंच, "रात्रपाळी असते म्हणे?" आता चित्र बदललंय. आपली मुलं-मुली मोठ्या संख्येने दवाखान्यांत कामाला आहेत, आणि काही जण आता स्वतःचे दवाखाने, लॅब, मेडिकल दुकानंही काढताहेत. म्हणून आज मी दोघांशी बोलणार आहे, नोकरी करणाऱ्यांशी आणि उद्या नोकरी देणाऱ्यांशी.

मी परिचारिका म्हणून काम केलं, मग एलएलबी केलं, आणि आता छोट्या दवाखान्यांना आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना कामगार कायद्याबद्दल सल्ला देते. दोन्ही बाजूंना सल्ला कसा देता, असं लोक विचारतात. कायदा एकच असतो, वाचणारे दोन असतात, एवढंच मी सांगते.

सुरुवात माझ्या पहिल्या नोकरीपासून. दवाखान्याचं नाव घेत नाही. पंचवीस-तीस खाटांचा, चांगला चालणारा. पगार साडेचार हजार. रुजू होताना ऑफिसातल्या भाऊंनी माझी दहावी, बारावीची गुणपत्रकं, जीएनएमचं प्रमाणपत्र आणि नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र, सगळं मूळ स्वरूपात मागितलं आणि कपाटात ठेवलं. मी दिलं. कुणी विचारलंच नाही की का द्यायचं. नेमणूकपत्र मिळालं नाही. मी मागितलंही नाही, कारण मला वाटायचं ते सरकारी नोकरीत असतं. हजेरी एका वहीत, पगार पाकिटात.

तीन वर्षांनी दुसरीकडे जास्त पगाराची नोकरी मिळाली. सोडते म्हटलं तर उत्तर आलं, दोन महिन्यांचा पगार भरा, मग कागद घेऊन जा. अब्बू तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी डॉक्टरसाहेबांसमोर हात जोडून उभे राहिले, हे मला नंतर कळलं. कागद मिळाले, पण अनुभव प्रमाणपत्र मिळालं नाही. तीन वर्षं काम केल्याचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. कायद्याकडे वळण्याचं कारण ते. कायदा शिकायला लागले तेव्हा समजलं की माझी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा अधिकार मालकाला कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. झेरॉक्स घ्या, मूळ कागद पाहून खात्री करा, परत द्या. एवढंच.

आता बाँडबद्दल. यात दोन टोकाच्या गोष्टी ऐकायला येतात. एक म्हणते, बाँड लिहून दिला म्हणजे संपलं. दुसरी म्हणते, बाँड बेकायदेशीरच असतो, फाडून टाका. दोन्ही चूक. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. म्हणजे बाँड आपोआप रद्द होत नाही. पण तिथे मोठी भरतीप्रक्रिया होती, त्यावर बँकेचा खर्च झाला होता, ते पद वरिष्ठ होतं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. दहा हजार पगाराच्या मुलीकडून, जिला कसलंही प्रशिक्षण दिलं नाही, एक लाखाचा बाँड लिहून घेणं वाजवी आहे का, हा प्रश्न न्यायालयात टिकणं कठीण आहे. तरीही सही करण्याआधी वाचा. आणि कोऱ्या चेकवर सही करून देऊ नका. हे मी दर महिन्याला एकदा तरी कुणाला तरी सांगते.

आता नव्या कायद्यांकडे. २१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहिता २०१९ची, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या तिन्ही २०२०च्या. जुने २९ कायदे यांत एकत्र केले. कामगार संघटनांचे यावर गंभीर आक्षेप आहेत, विशेषतः संप आणि कामगार कपातीच्या तरतुदींवर, आणि त्यातले बरेचसे मला पटतात. पण आजचा विषय दवाखान्यातला माणूस आहे, आणि त्याच्या कामाच्या काही गोष्टी यात आहेत.

पहिली, नेमणूकपत्र. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूकपत्र देणं आता मालकाचं कर्तव्य आहे. त्यामुळे ते मागताना आपण आगाऊपणा करतोय असं वाटून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या मुली म्हणतात, "मॅडम, कसं मागायचं, वाईट वाटेल त्यांना." अहो, औषधाचं बिल मागताना वाईट वाटतं का?

दुसरी, किमान वेतन. पूर्वी ते सरकारने यादीत घातलेल्या उद्योगांनाच लागू असायचं. आता वेतन संहितेप्रमाणे ते सर्वच कर्मचाऱ्यांना आहे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण. जादा तासांचं काम दुप्पट दराने. आणि थकलेल्या पैशाचा दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती. आपल्या पोरी नोकरी सोडून लग्न, बाळंतपण यातून बाहेर येऊन दावा करायचं मनात आणेपर्यंत ते सहा महिने केव्हाच निघून गेलेले असायचे.

दंड कापणं हा दवाखान्यांचा आवडता उद्योग आहे. थर्मामीटर फुटला, कापा. उशीर झाला, अर्धा दिवस कापा. युनिफॉर्मला इस्त्री नव्हती, कापा. संहिता म्हणते, दंडाची एकूण रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांहून जास्त नको, आणि आधी बाजू मांडायची संधी द्यायला हवी. नुकसानीची कपात करायची असेल तर ते नुकसान तुमच्याच हलगर्जीपणामुळे झालं हे दिसायला हवं. रात्री वॉर्डात सात नातेवाईक आले आणि सलाइनचा स्टँड मोडला, तर तो सिस्टरच्या पगारातून वसूल होत नाही.

तिसरी गोष्ट जरा किचकट, पण पैशाची. पगाराच्या चिठ्ठीत मूळ वेतन सहा हजार आणि बाकी नाना भत्ते, असं दाखवायची पद्धत होती, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी पडते. आता व्याख्या अशी की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. शेवटचं मासिक वेतन, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वेतन १३,००० असेल तर वर्षाला ७,५०० होतात. सहा वर्षांनी सोडलं तर ४५,०००. नियमित कर्मचाऱ्याला पाच वर्षं पूर्ण लागतात. मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षानंतरच प्रमाणात मिळते. हे पैसे मागायला माझ्याकडे आलेल्या दहा जणींपैकी आठ जणींना ग्रॅच्युइटी हा शब्दच माहीत नसतो. त्यांना वाटतं ती सरकारी लोकांची गोष्ट.

आता ईएसआय. मला यावर थोडं थांबायचंय, कारण एक प्रसंग सांगायचाय.

त्याच पहिल्या दवाखान्यात सफाईचं काम करणाऱ्या एक मावशी होत्या. एका पहाटे कचऱ्याची काळी पिशवी बांधताना सुई त्यांच्या तळहातात घुसली. सुई पिशवीत असायलाच नको होती, ती जाड डब्यात टाकायची असते. कुणाची सुई, कोणत्या रुग्णाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ड्युटीवर होते. हात साबण-पाण्याने धुतला, आणि मग पुढे काय करायचं हे मलाही नीट माहीत नव्हतं. मावशींना कावीळ-बची लस कधी दिलेली नव्हती. रजिस्टर नव्हतं. डॉक्टरसाहेब सकाळी दहाला आले आणि म्हणाले, "काही होत नाही, घाबरू नका." मावशी दुपारी स्वतःच्या पैशाने सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांना औषध सुरू केलं. नंतर सहा महिने तपासण्या. प्रत्येक तपासणीच्या दिवशी कामावर खाडा, खाड्याचा पगार नाही. शेवटी सगळ्या चाचण्या निर्दोष आल्या, अल्हमदुलिल्लाह. पण त्या सहा महिन्यांत मावशी नातवंडांना जवळ घेत नव्हत्या. माझी रात्रीची झोप गेली होती, कारण ती पिशवी माझ्या वॉर्डातली होती.

आता नियम काय आहेत ते ऐका. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम दवाखान्यावर जबाबदारी टाकतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो की ठेकेदाराचा, हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. रुजू होताना आणि नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करायची. प्रशिक्षण द्यायचं. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. आणि एचआयव्हीबाबतचा २०१७चा कायदा सांगतो की आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांना संरक्षक साधनं, प्रशिक्षण, आणि सुई टोचल्यासारख्या घटनेनंतरचं प्रतिबंधक औषध उपलब्ध करून द्यायचं. ते औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. म्हणजे "सकाळी साहेब आले की बघू" हे चालत नाही. तुम्ही जिथे काम करता तिथे रात्री दोन वाजता सुई टोचली तर औषध कुठे मिळेल, हे उद्याच विचारा. उत्तर मिळालं नाही, तर जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि तिथे कुठल्या विभागात जायचं हे स्वतः शोधून ठेवा.

आणि मावशींचा ईएसआय असता तर? दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू आहे. कर्मचाऱ्याचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. १४,००० वेतनावर तुमचे १०५ रुपये, मालकाचे ४५५. त्यात आजारपणाच्या रजेचे पैसे, बाळंतपणाचा लाभ, कामावर इजा झाली तर वेतनाच्या नव्वद टक्के दराने भत्ता, घरच्यांचे उपचार. दिवसभर दुसऱ्यांवर उपचार करणाऱ्या बाईला स्वतःच्या आजारासाठी कार्ड नसावं, यासारखी विचित्र गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिली नाही.

यातून सुटायला एक युक्ती वापरतात, ती ओळखा. पगाराला पगार म्हणत नाहीत, "व्यावसायिक शुल्क" म्हणतात. सिस्टरला कन्सल्टंट दाखवतात. बारा तास, ठरलेली पाळी, हजेरीचं मशीन, युनिफॉर्म, रजा मागायला अर्ज, आणि कागदावर मात्र ती स्वतंत्र व्यावसायिक! कागदावर नाव काय दिलं यापेक्षा काम कोणाच्या हुकमाखाली, कुठल्या वेळेत चालतं हे न्यायालयं पाहतात. तुमच्या बाबतीत असं असेल तर हजेरीचे, पाळीच्या तक्त्याचे फोटो जपून ठेवा.

आता दुसरी बाजू. माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी पंधरा खाटांचा दवाखाना काढला. एमडी झालेला, हुशार, मनाने चांगला. कर्मचारी बारा. मी त्याला यादी दिली तेव्हा तो म्हणाला, "आपा, हे सगळं केलं तर दवाखाना चालणार कसा? आणि हे सगळे आपलेच लोक आहेत, घरच्यासारखे." मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, घरच्यासारखे आहेत तर घरच्या माणसाला जसा आजारपणाचा खर्च देशील तसा दे. दुसरी, वही घे. बारा जण, सरासरी चौदा हजार, तुझा ईएसआयचा वाटा महिन्याला ५,४६० रुपये. तुझ्या दारावरच्या एलईडी बोर्डाचा हप्ता याहून जास्त आहे. तो हसला, मग गप्प झाला. नोंदणी केली. सगळं एका दिवसात झालं नाही. ग्रॅच्युइटीसाठी पैसे बाजूला ठेवायला अजून त्याची टाळाटाळ चालते, आणि मीही पाठ सोडत नाही.

"आपलेच लोक" हा शब्द मला अस्वस्थ करतो. आपल्या समाजातले डॉक्टर आपल्या मुलींना नोकरी देतात, ही चांगली गोष्ट आहे. पालक निर्धास्त असतात. पण त्याच विश्वासाच्या बळावर पाच-सहा हजारांत बारा तास राबवून घेतलं जातं, आणि मुलगी बोलली तर तिच्या अब्बांना निरोप जातो. ट्रस्टच्या दवाखान्यातही हे चालतं. तिथे उत्तर मिळतं, "ही तर खिदमत आहे, इथे कसला हिशेब?" औद्योगिक संबंध संहितेने "उद्योग" या व्याख्येतून धर्मादाय आणि समाजसेवी संस्थांना वगळलंय, हे खरं. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात रुग्णालयांनाही उद्योग मानलं होतं, त्यापेक्षा हे मागे जाणं आहे. पण वेतन संहितेत अशी सूट नाही. खिदमत ट्रस्टीने करावी, सिस्टरचा पगार वेळेवर द्यावा.

ट्रस्टचा विषय निघालाच आहे तर रुग्णांसाठीही एक सांगते. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१अअ आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेली योजना. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,०००, दुर्बलांसाठी ३,६०,०००. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. तुम्ही तिथे काम करत असाल, तर काउंटरवर गरीब माणूस उभा असताना ही माहिती त्याला कुणी देत नाही हे तुम्ही पाहिलंच असेल. तुम्ही द्या.

मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न. ९ ऑगस्ट २०२४ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जे घडलं, त्यानंतर आमच्याकडे किमान चार मुलींनी घरच्यांच्या दबावाने रात्रपाळी सोडली. त्यांच्या आई-वडिलांना दोष देण्याचा धीर मला होत नाही. पण उपाय मुलीने घरी बसणं हा नाही. नव्या संहितेत सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत काम करायला स्त्रीची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाची. संमती म्हणजे विचारून घेतलेली संमती. नेमणूक फॉर्मच्या तळाशी छापलेली ओळ नाही. पाळीला जायला गाडी आहे का, सिस्टर्स रूमला आतून कडी आहे का, कॉरिडॉरचा कॅमेरा चालू आहे का, एवढं तरी विचारा. रुग्णालयावर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. त्यात परिचारिका, विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारीही येतात. बऱ्याच जणींना वाटतं तो फक्त डॉक्टरांसाठी आहे.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात "कामाचं ठिकाण" म्हणून रुग्णालय आणि नर्सिंग होम यांचा थेट उल्लेख आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत एवढ्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. समिती नसेल तर पन्नास हजार रुपये दंड. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. प्रशिक्षणार्थी मुलीही यात येतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी. मी ज्या दवाखान्यांत जाते तिथे भिंतीवर समितीची यादी लावलेली असते, आणि त्यातल्या अध्यक्ष बहुधा मालक डॉक्टरांच्या पत्नी असतात. डॉक्टरांविरुद्ध तक्रार असेल तर मुलीने ती त्यांच्याकडे न्यायची?

आता ज्या प्रश्नाची तुम्ही वाट पाहताय. स्कार्फ.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला मुलाखतीत विचारलं, "हे काढून यावं लागेल, चालेल का?" तिने सांगितलं, ऑपरेशन थिएटरमध्ये तिथलीच टोपी घालीन, वॉर्डात युनिफॉर्मच्या रंगाचा छोटा स्कार्फ ठेवीन, रोज धुतलेला. त्यावर "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. थिएटरमध्ये जंतुसंसर्गाचे नियम सगळ्यांना सारखे, त्यात वाद घालू नका, मीही घातला नाही. प्रश्न वॉर्डाचा आणि रिसेप्शनचा होता. दुसऱ्या एका मुलाला खोली दाखवण्याआधी जसं आडनाव विचारतात तसं नोकरीतही विचारलं गेलं.

तुम्ही मला विचाराल, कुठलं कलम लावायचं? आणि इथे मला तुम्हाला खरं सांगायला हवं. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. खासगी मालकाला ते बांधत नाही. खासगी नोकरीत भेदभावाविरुद्ध आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी कायदे आहेत. अपंगांसाठी २०१६चा, एचआयव्हीग्रस्तांसाठी २०१७चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९चा, आणि वेतनात स्त्री-पुरुष भेद नको म्हणून वेतन संहिता. धर्म किंवा जातीवरून नोकरी नाकारली म्हणून खासगी मालकाविरुद्ध जाता येईल असा सर्वसाधारण कायदा नाही. सच्चर समितीने २००६मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती, २००८मध्ये तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडाही दिला. आयोग झाला नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत धर्म-जातीवरून रुग्णाशी भेदभाव नको असं म्हटलंय. म्हणजे खाटेवरच्या माणसाला जो दिलासा कागदावर तरी आहे, तो खाटेशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला नाही.

ही पोकळी दोन्हीकडून चालते, हेही बोलायला हवं. आपल्या काही दवाखान्यांत दलित किंवा हिंदू मुलीचा अर्ज बाजूला ठेवला जातो, "आपल्याच पोरींना घेऊ" म्हणून. समान संधीचा कायदा मागायचा असेल तर तो आपल्या दारालाही लागू होईल, याची तयारी हवी. माझी आहे.

आणखी एक, घाईत पण महत्त्वाचं. सहा महिन्यांचे "नर्सिंग कोर्स" विकणारी दुकानं गावोगाव आहेत, आणि त्यांचे फलक आपल्या वस्त्यांत जास्त दिसतात. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी चार. संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते फी भरण्याआधी पाहा. नर्सिंग होम नोंदणीच्या १९४९च्या कायद्याला शिकलेल्या, पात्र परिचारिका लागतात. तपासणी आली की बिनानोंदणीच्या मुलींना मागच्या दाराने घरी पाठवतात, आणि काही चुकलं तर सही तिचीच सापडते.

खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० पेक्षा कमी नको, दोनशेहून जास्त असतील तर सरकारी परिचारिकेइतका, अशी तिची शिफारस. केरळात परिचारिकांच्या आंदोलनानंतर २०१८मध्ये सरकारने वीस हजारांचं मूळ वेतन अधिसूचित केलं. आपल्या मिरजेत आज किती मिळतो, ते इथे बसलेल्या मुलींना मी सांगायची गरज नाही. केरळच्या मुली वेगळ्या कॉलेजात शिकत नाहीत. त्यांची संघटना आहे.

मोबाइलवर रुग्णाच्या जखमेचे फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांनो, तुमच्याबद्दलही बोलणार होते. डिजिटल माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५चे नियम आलेत, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील. पण त्याची वाट कशाला पाहता? आजच काढून टाका.

वेळ संपत आलाय असं मागून खुणावताहेत. जेवणानंतर मी त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसणार आहे. ज्यांच्याकडे नेमणूकपत्र, बाँड, पगाराची चिठ्ठी असेल, मोबाइलमध्ये फोटो असला तरी चालेल, त्यांनी घेऊन या, आपण ओळ न् ओळ वाचू. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आधी या. नेमणूकपत्र मागणारा अर्ज कसा लिहायचा ते मराठीत टाइप करून आणलंय, पन्नास प्रती आहेत. आणि कुणी दवाखाना काढणार असेल तर त्यानेही यावं, त्याच्यासाठी वेगळी यादी आहे. माझ्या मामेभावाला दिली होती तीच.